तुळोजीचा विशालकोन

एका जंगलात, बाळांनो, कोपरा नावाची गोष्टच नव्हती. बिळं गोल होती. घरटी गोल होती. डबकी गोल होती, आणि डबक्यातल्या म्हशी तर फारच गोल होत्या. जो तो आपल्या जागेभोवती एक फेरी मारायचा आणि तेवढी जागा आपली म्हणायचा. भांडणं व्हायची, पण तीही गोल गोल फिरून दमून जायची.

त्या जंगलाचा राजा सिंह एकदा शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. तिथं त्यानं कोपरे पाहिले. कुंपणाला कोपरे, दाराला कोपरे, जेवायच्या पाटालासुद्धा कोपरे. सिंहाला फार लाज वाटली. आपलं जंगल किती मागासलेलं, असं तो परतीच्या वाटेवर सारखं म्हणत होता. बरोबरचा कोल्हा दर वेळी होय महाराज म्हणत होता. कोल्ह्याची नेमणूक त्याच कामासाठी झाली होती.

घरी पोचताच हुकूम निघाला. यापुढे प्रत्येक शेताला तीन कोपरे पाहिजेत. तीनच का, असं कुणी विचारलं नाही. खुंट कमी होते, एवढंच कोल्ह्यानं मागाहून खाजगीत सांगितलं.

मग प्रत्येक शेताला तीन खुंट आणि एक लांब वेल मिळाली. वेल सगळ्यांना सारख्याच लांबीची. तीन खुंट ठोकायचे, त्यांच्याभोवती वेल ताणून बांधायची आणि एकेका कोपऱ्यात एकेका कुटुंबानं राहायचं. मधली जागा तिघांची. चरायचं, लोळायचं, पोरं खेळवायची ती तिथंच.

आता तुम्ही म्हणाल, यात काय वाईट आहे? काहीच नव्हतं. वाईट व्हायला एखादा शिकलेला माणूस लागतो. इथं तो माणूस बगळा होता.

हा बगळा एका गावात शाळेमागच्या तळ्यात वर्षभर उभा होता. उभा होता माशांसाठी, पण वर्गाची खिडकी उघडी असायची, त्यामुळं त्याचं शिक्षण होऊन गेलं. भूमितीचा धडा रंगात आला असताना तळ्यातले मासे संपले आणि बगळा उडाला. कोनांवरून त्रिकोणांचे प्रकार कोणते, एवढं त्याला तोंडपाठ होतं. पुढच्या पानावर काय होतं, ते त्याला माहीत नव्हतं. जंगलात एवढं शिक्षण पुष्कळ झालं. सिंहानं त्याला कोनाधिकारी नेमलं.

बगळासाहेबांनी एका पायावर उभं राहून सगळ्यांना समजावलं. ज्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोनाहून लहान, तो लघुकोन त्रिकोण. ज्याचा एक कोन बरोबर काटकोन, तो काटकोन त्रिकोण. ज्याचा एक कोन काटकोनाहून मोठा, तो विशालकोन त्रिकोण. आता प्रत्येक शेत मोजायचं आणि ते कुठल्या प्रकारचं ते जाहीर करायचं.

ही बातमी कावळ्यानं जंगलभर नेली. हत्तींना वाटलं, कान मोजणार आहेत. त्यांनी कान धुऊन ठेवले.

मोजायचं साधन म्हणजे साहेबांची चोच. साहेब कोपऱ्यात बसायचे. चोचीचा खालचा भाग एका बाजूच्या वेलीला लावायचे आणि वरचा भाग दुसऱ्या वेलीला टेकेपर्यंत चोच उघडायचे. चोच थोडी उघडली की लघुकोन. सुताराच्या गुण्यासारखी चौकोनी उघडली की काटकोन. त्याहून जास्त उघडावी लागली तर विशालकोन. विशालकोनात साहेबांचा जबडा दुखायचा. ज्यानं आपल्याला एवढा त्रास होतो तो कोन थोरच असणार, असं त्यांचं हळूहळू मत झालं. साहेबांचं झालं म्हणून सगळ्यांचं झालं.

मग काय, विशालकोनी शेतातले प्राणी विशाल मनाचे ठरले. काटकोनी शेतातले सरळमार्गी ठरले. लघुकोनी शेतातले काहीच ठरले नाहीत. पाणवठ्यावर विशालकोनी आधी पिऊ लागले, मग काटकोनी, आणि उरलेला चिखल लघुकोन्यांना.

याच जंगलात ओढ्याच्या अलीकडे एक शेत होतं. त्यात तिघं राहायची. एका कोपऱ्यात तुळोजी नावाचा रानडुक्कर. दुसऱ्यात चंद्रा नावाची साळू, म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर, आणि तिची मुलगी शेवंता. तिसऱ्यात निवृत्ती नावाचा मुंगूस. तिघांचे कोपरे जवळजवळ सारखे होते. त्यामुळं मधली जागा ऐसपैस होती. इतकं गवत आजूबाजूच्या कुठल्याच शेतात नव्हतं.

साहेबांनी तीनदा चोच उघडली, तीनदा मिटली आणि जाहीर केलं, लघुकोन.

निवृत्तीला या गोष्टीचं काही वाटलं नाही. तो गवतात पालथा पडला होता, तसाच पडून राहिला. तुळोजीला वाटलं. त्याचं सगळं आयुष्य चिखलात लोळणारा म्हणून ऐकून घेण्यात गेलं होतं. या मोजणीनं तरी आपलं काही नवीन नाव पडेल, अशी त्याला आशा होती. पण सगळ्यात जास्त वाटलं ते चंद्राला, कारण शेवंता लग्नाची झाली होती.

ओढ्यापलीकडे संतराम नावाचं एक बडं साळिंदर होतं. त्याचा मुलगा दौलत, शांत आणि कामसू. शेवंताची आणि त्याची ओढ्यावर पाणी पिताना ओळख झाली होती, आणि हल्ली दोघांनाही फार तहान लागायची. चंद्रानं हे ओळखलं आणि संतरामाकडे शब्द टाकला. त्यानं निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, घराणं चांगलं आहे, पण आम्ही विशालकोनी. लघुकोनातली सून आणली तर लोक काय म्हणतील.

चंद्रा तुळोजीकडे गेली. म्हणाली, "तुळोजीभाऊ, शेवंता तुमच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तुमचा कोन जरासा मोठा करा. आमच्यासाठी करा."

साळूचं पोर अंगाखांद्यावर वाढवायचं म्हणजे काय सोसावं लागतं, ते तुळोजीलाच माहीत. पण त्यानं सोसलं होतं, आणि पोरीवर त्याची माया होती. त्यानं आपला खुंट उपटला, मुसंडीनं तो शेताच्या आतल्या बाजूला ढकलला आणि पुन्हा ठोकला. वेल सैल पडली. ती ताणून घ्यायला चंद्रानं आपला खुंट एकीकडे लांब नेला आणि निवृत्तीनं दुसरीकडे.

साहेब आले. चोच गुण्यासारखी उघडली. काटकोन जाहीर झाला. चंद्राला वाटलं, आपल्या अंगावर काटे आहेतच, तेव्हा हा कोन आपल्याला शोभतोही. पण संतरामाला तो पुरेना. तुळोजीनं पुन्हा मुसंडी मारली. पुन्हा दोघांनी खुंट लांब नेले. या वेळी साहेबांनी चोच उघडली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"विशालकोन," ते जबडा चोळत म्हणाले. "अभिनंदन, तुळोजीराव."

आजवर त्याला कुणी राव म्हटलं नव्हतं. तुळोजी त्या दिवशी चिखलात गेला नाही. कोरड्या जमिनीवर बसून राहिला.

निवृत्तीला मात्र एक शंका होती. ती त्यानं साहेबांना जाताजाता विचारली. "साहेब, मोठा कोन तुळोजीचा. आम्ही दोघं तर पहिल्यापेक्षाही बारीक कोनात गेलो. मग आम्ही विशालकोनी कसे?"

साहेब म्हणाले, "त्रिकोणाचं नाव सगळ्यात मोठ्या कोनावरून पडतं. बाकीचे दोन नेहमी लघुच असतात. त्यांना कुणी विचारत नाही."

"म्हणजे संतरामाच्या शेतातही दोन लघुकोन आहेत?"

"सगळ्यांच्या शेतात आहेत," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पण ते बोलायचं नसतं."

लग्न ठरलं. चंद्राला आकाश ठेंगणं झालं. तिचा कोपरा आता इतका चिंचोळा झाला होता की काटे अंगाला चिकटवून निजावं लागे. कूस बदलायची तर आधी बाहेर यायचं, वळायचं आणि मग उलटं आत जायचं. पण कुणी भेटलं की ती आपणहून सांगायची, आम्ही विशालकोनी. शेवंताला आईचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. ती एकदा म्हणाली की आई, आपण पूर्वी जास्त चांगले झोपायचो. चंद्रा म्हणाली, झोप बघून कोण सून करून घेतं.

गोष्ट इथंच थांबली असती, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण साखरपुड्याला संतराम आला, शेतभर फिरला आणि सहज म्हणाला की कोन बरा आहे, आमच्याएवढा नाही, पण बरा आहे. तुळोजी त्यावर हसला. पाहुणे गेल्यावर त्यानं जेवण टाकलं. आणि त्याच सुमारास सिंहानं जाहीर केलं की या मोसमात ज्या शेताचा कोन सगळ्यात मोठा, त्या शेतातल्या लग्नाला आपण स्वतः येऊ.

तुळोजीच्या डोक्यात एवढंच राहिलं. तो रोज आपला खुंट थोडा आत ढकलू लागला.

आता, बाळांनो, बगळासाहेबांनी जे पान ऐकलं नव्हतं, त्या पानावर असं लिहिलेलं असतं की त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोनच होतात. जास्त नाही, कमी नाही. एकानं जास्त घेतलं की दुसऱ्यांचं कमी होतं. निवृत्तीनं हे पान वाचलं नव्हतं, पण तो त्या पानात राहत होता. त्याचा कोपरा सुरीच्या टोकासारखा झाला. तो बारीक अंगाचा म्हणून मावत होता इतकंच. मधलं गवत आक्रसून पट्टी झालं आणि पट्टीची दोरी व्हायला लागली.

एकदा त्यानं तुळोजीला थांबवलं. म्हणाला, "तुझा कोन वाढला की आमचे दोन्ही कमी होतात, तुळोजी. हे तुला दिसत नाही का?"

"कोन माझा आहे," तुळोजी म्हणाला. "तुमचे तुम्ही वाढवा."

निवृत्तीनं मग खरंच आपला खुंट हलवून पाहिला. त्याचा कोन वाढला, तुळोजीचा उतरला. तुळोजी इतका चिडला की सुळे दाखवून धावून आला. मध्ये चंद्रा पडली. ती रडत म्हणाली की लग्न तोंडावर आलं आहे, त्यानंतर काय हवं ते करा. निवृत्तीनं खुंट परत जागेवर नेला. चंद्राच्या रडण्यापुढे त्याचं कधीच चालत नसे.

लग्नाच्या सकाळी तुळोजीनं शेवटची मुसंडी मारली.

त्याचा खुंट समोरच्या वेलीला जाऊन टेकला. तिन्ही खुंट एका ओळीत आले. एका टोकाला चंद्रा, दुसऱ्या टोकाला निवृत्ती, मध्ये तुळोजी. वेलीची दोन्ही अंगं एकमेकींना चिकटली होती. शेताला आतली बाजूच उरली नव्हती. तुळोजीनं मान वर केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. याहून मोठा कोन होऊ शकत नाही, एवढं त्यालाही कळलं. त्याच्या तोंडावर असं समाधान होतं की चंद्रा आपल्या टोकाला जाऊन पाहुण्यांची वाट बघू लागली.

वऱ्हाड आलं. संतरामानं विचारलं, मांडव कुठं आहे? शेतात, चंद्रा म्हणाली. शेत कुठं आहे? चंद्रानं वेलीकडे बोट केलं.

संतराम काही बोलणार, तेवढ्यात सिंह आला. त्याच्यामागं कोल्हा, कोल्ह्यामागं साहेब. साहेबांना कोन मोजायला सांगितलं. ते तुळोजीच्या खुंटापाशी बसले. चोच उघडू लागले. काटकोन मागं पडला. विशालकोन मागं पडला. साहेब उघडतच होते. शेवटी वरची चोच एका टोकाकडे आणि खालची चोच दुसऱ्या टोकाकडे अशी सरळ रेघ झाली. कुठंतरी कट्ट असा आवाज आला. साहेबांनी चोच मिटायला घेतली. ती मिटेना. ते डोळे विस्फारून तसेच बसून राहिले.

कोन फसला की काय, कुणाला कळेना. तेव्हा कोल्हा पुढं झाला.

"महाराज," तो म्हणाला, "एवढा कोन पाहून साहेबांची वाचाच बसली."

जो तो वाहवा म्हणू लागला. सिंहानं आपल्या पंजानं तुळोजीच्या पाठीवर थाप मारली. संतराम पटकन पुढं येऊन व्याही म्हणून तुळोजीच्या गळ्यात पडला, आणि खऱ्या विहीणबाई टोकाला उभ्या राहून पाहत होत्या. मग सिंहानं विचारलं की पूर्वी मध्ये जागा होती ती कुठं गेली. कोल्हा म्हणाला, ती शिल्लक पडली, आणि शिल्लक ती राजाची. सिंहाला हा नवा प्रकार फारच आवडला.

लग्नाचा एक नियम होता. शुभकार्य वेलीच्या आत झालं तरच ते त्या शेतातलं धरायचं. आत तर काही नव्हतं. म्हणून पाहुणे वेलीवरच एकामागं एक उभे राहिले. वाढपी एका टोकाला होता. लाडू हातोहात पुढं जात होते आणि वाटेत लहान होत होते. निवृत्तीच्या टोकाला वऱ्हाड होतं. तिथं नुसता वास पोचला.

शेवंता आईच्या टोकाला उभी राहिली. दौलत निवृत्तीच्या टोकाला. पुढं सरकत सरकत दोघं मध्यावर आले. मध्ये तुळोजी उभा होता. भटजी मैनेनं अंतरपाट आणला होता, पण तो धरायची गरजच पडली नाही. तुळोजीच्या अलीकडून पलीकडचं काही दिसत नव्हतं.

मंगलाष्टकं झाली. आता हार घालायचे. तुळोजीला सगळ्यांनी सांगितलं की जरा बाजूला हो. त्यानं मान हलवली. बाजूला होणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो हलला तर कोन मोडला, आणि कोन मोडला तर राजा कशासाठी थांबेल? तो हळूच म्हणाला, "शेवंता, पोरी, माझ्या डोक्यावरून हार टाक. दौलत झेलेल."

शेवंतानं त्याच्याकडे पाहिलं. याच तुळोजीच्या पाठीवर बसून ती लहानपणी गवतात फिरली होती. तेव्हा त्याला राव कुणी म्हणत नव्हतं. तिला रागही आला आणि त्याची दयाही आली. चंद्रानं मागून खूण केली की टाक, टाक.

तिनं हार टाकला नाही. तिनं वेलीवरून बाजूला पाय टाकला.

ती गवतात उतरली, तुळोजीला वळसा घातला आणि पलीकडं जाऊन दौलतपुढं उभी राहिली. दौलतनं तिच्या पायांकडे पाहिलं, मग आपल्या बापाकडे पाहिलं. मग तोही खाली उतरला. दोघांनी एकमेकांना हार घातले. बाजूला जागा पुष्कळ होती.

वेलीवर कुजबुज झाली. मुलगी शेताबाहेर गेली. मुलगाही गेला. संतरामानं कपाळाला पंजा लावला आणि हा मुलगा आपला नाही असं सांगून टाकलं. चंद्राला वाटलं, आपणही उतरावं आणि पोरीला जवळ घ्यावं. तिनं एक पाय उचललाही. पण सिंह बघत होता आणि शेजारणीही बघत होत्या. तिनं पाय परत वेलीवर ठेवला आणि जागेवरूनच हात हलवला.

त्यानंतर जंगलात एकच धांदल उडाली. जो तो आपलं शेत सरळ करू लागला. विशालकोन आता जुना झाला होता, हे नवं प्रकरण सरळकोन. थोड्याच दिवसांत सगळी शेतं रेघा झाली आणि सगळे प्राणी आपापल्या रेघेवर ताठ उभे राहिले. राहिलेलं सगळं जंगल शिल्लक पडलं. सिंह त्यात लोळू लागला.

साहेबांची चोच पुढं मिटलीच नाही. त्यांच्या वतीनं बोलायला निवृत्तीला नेमलं. तो आता फार छान भाषण करतो. दोन लघुकोनांचं मात्र नाव काढत नाही. तुळोजी आपल्या खुंटापाशी उभा असतो. येणारेजाणारे त्याला राव म्हणतात. चिखलाकडून वारा आला की तो डोळे मिटून घेतो, पण जागचा हलत नाही.

शेवंता आणि दौलत टेकडीमागं राहू लागले. त्यांच्या घराला कुठलाच कोन नसल्यामुळं ते कुठल्याच प्रकारात बसले नाहीत, आणि कुठल्याच प्रकारात नाहीत म्हणून त्यांना हाकलायचं कुणाला सुचलं नाही.

एकदा भर दुपारी चंद्रा तिथं आली. कुणी पाहत नाही ना, असं दोनदा वळून बघितलं. मग आत आली, पोटभर जेवली, नातवाला पोटाशी घेतलं आणि अंगणात अशी आडवी पसरली की ऊन उतरेपर्यंत उठली नाही. शेवंता म्हणाली, आई, राहा ना इथंच. चंद्रानं आणखी एकदा पाय ताणून घेतले.

मग उठून अंग झटकत म्हणाली, "राहिले असते गं. पण तिथं माझी जागा कुणी घेतली तर?"

दारात ती पुन्हा थांबली. "आणि हे बघ, बाळाला कुणी विचारलं की तुझं घर कुठलं, तर आमचा पत्ता सांगायला शिकव."

तात्पर्य: मुलांनो, आपला कोन सदैव वाढवत राहावा. जागा संपेल याची भीती बाळगू नये, कारण ती शेजाऱ्यांची असते. आणि घरातलं एखादं माणूस रेघ सोडून गेलंच, तर त्याचं नाव टाकावं, पण त्याच्या अंगणाची वाट लक्षात ठेवावी. दुपारी पाय पसरायला कुठंतरी जावं लागतं.